पेरिटोनियल मेसोथेलिओमा: निदान आणि उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पोटाचा कॅन्सर’ म्हणजे हाच का?

नाही. पोटाचा कॅन्सर म्हटलं की बहुतेकांना जठराचा कर्करोग आठवतो. हा त्यातला नाही. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर, गुळगुळीत पडदा असतो. त्याला उदरावरण किंवा पेरिटोनियम म्हणतात. हाच पडदा वळून जठर, आतडी, यकृत, प्लीहा यांच्यावरही चढलेला असतो. सगळा उलगडून पसरला तर तो अंगावरच्या त्वचेएवढी जागा व्यापेल. त्याच्या पृष्ठभागावर मेसोथेलियल पेशींचा एकच थर असतो आणि त्या पेशींत सुरू होणारा कर्करोग म्हणजे पेरिटोनियल मेसोथेलिओमा.

आतड्याचा, जठराचा किंवा अंडाशयाचा कर्करोग पसरत येऊन याच पडद्यावर रुजतो, आणि हे मेसोथेलिओमापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. म्हणून रिपोर्टात ‘पेरिटोनियल कार्सिनोमॅटोसिस’ हे शब्द दिसले तर लगेच मेसोथेलिओमा समजू नये. मूळ कुठलं आहे, हे तुकडा (बायोप्सी) तपासल्यावरच कळतं. मेसोथेलिओमा मुख्यतः छातीच्या अस्तरात होतो. पोटातले साधारण १० ते २० टक्के.

ॲस्बेस्टॉसजवळ कधी गेलोच नाही, तरी हा कसा झाला?

ॲस्बेस्टॉस म्हणजे पत्रे, वेष्टणं यांत वापरलं जाणारं तंतुमय खनिज. छातीच्या मेसोथेलिओमाचं त्याच्या धुळीशी जितकं घट्ट नातं आहे तितकं पोटातल्या आजाराचं नाही. बऱ्याच रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्यात ॲस्बेस्टॉसचा मागमूस सापडत नाही. काहींनी पूर्वी दुसऱ्या आजारासाठी पोटावर रेडिएशन घेतलेलं असतं. काहींच्या बीएपी-१ या जनुकात जन्मतःच दोष असतो. तरुण रुग्णांच्या गाठीत क्वचित एएलके जनुकाची फेररचना सापडते. उरलेल्यांत कारण मिळत नाही.

तरीही ॲस्बेस्टॉसचा प्रश्न नीट विचारायला हवा, कारण धुळीशी संपर्क आणि आजार यांच्यात २० ते ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. ‘सध्या काय काम करता?’ हे विचारून काही हाती लागत नाही. पहिली नोकरी कोणती होती, बॉयलर, जहाजं, पाइपांची वेष्टणं, ब्रेक-लायनिंग किंवा सिमेंटचे पत्रे कापण्याशी संबंध आला होता का, अशा कामावरून येणाऱ्या कुणाचे कपडे घरात धुतले जायचे का, असं खोदून विचारावं लागतं.

सुरुवातीला काय जाणवतं?

फारसं काही नाही, हीच अडचण आहे. नेहमीची पँट कमरेला होईनाशी होते, पण चेहरा आणि दंड मात्र सुकत चाललेले असतात. काट्यावर वजन तेच दिसतं, कारण अंगावरचं मांस कमी होतं तेवढंच पोटात पाणी साठतं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. पाणी न साठणारा प्रकारही आहे. त्यात गाठी होतात, पोट दुखतं, आतडी अडकू लागतात.

नव्याने उतरलेला हर्निया हेही एक लक्षण असू शकतं. पोटातला दाब वाढला की बेंबी किंवा जांघ फुगते, हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि काढलेली पिशवी टाकून दिली जाते. ती पिशवी जाड किंवा दाणेदार दिसली, किंवा कापताच पिवळसर पाणी आलं, तर ती पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे. काही जणांचं निदान असंच होतं.

पोटातलं पाणी तपासलं, त्यात कर्कपेशी नाहीत असं आलं. मग काळजी मिटली का?

मिटली नाही. पाण्यात कर्कपेशी सापडल्या नाहीत म्हणजे आजार नाही, असं होत नाही. मेसोथेलिओमाच्या पेशी दिसायला चिडलेल्या साध्या मेसोथेलियल पेशींसारख्याच असतात. यकृत खराब असो, संसर्ग असो की कर्करोग, पाण्यात त्याच सुजलेल्या पेशी तरंगताना दिसतात आणि रिपोर्टात ‘रिॲक्टिव्ह मेसोथेलियल सेल्स’ एवढंच येतं. कर्करोग ओळखण्याची खरी खूण म्हणजे पेशींनी पडद्याखालच्या चरबीत केलेली घुसखोरी, आणि सुट्या पेशींवरून ती कळणार तरी कशी?

पाणी पाठवायचंच तर १० मिलिलिटरची सिरिंज पुरत नाही. १०० मिलिलिटर किंवा जास्त पाठवावं आणि ‘सेल ब्लॉक’ करायला स्पष्ट सांगावं. त्यात पेशी गोळा करून मेणाचा ठोकळा बनवतात, त्यामुळे पुढचे विशेष डाग, म्हणजे पेशींची ओळख पटवणारे रंग, देता येतात. पोट पुन्हा पुन्हा भरत असेल आणि कारण मिळत नसेल, तर तिसऱ्यांदा पाणी पाठवत बसण्यापेक्षा तुकडा घ्यावा.

सीटी स्कॅनमध्ये हा आजार दिसतो का?

दिसतो, पण अर्धवट. शिरेतून आणि तोंडावाटे कॉन्ट्रास्ट देऊन छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी ही पहिली तपासणी. त्यात पाणी, जाड झालेला पडदा आणि आतड्यांसमोर लोंबणाऱ्या चरबीच्या पदराची झालेली ढेप दिसते. या शेवटच्या चित्राला ‘ओमेंटल केक’ म्हणतात. छाती पाहायची ती तिथल्या अस्तरातही आजार आहे का हे कळण्यासाठी.

पाच मिलिमीटरहून लहान दाणे सीटीत सहज निसटतात आणि नेमके लहान आतड्यावरचे दाणेच शस्त्रक्रियेचं भवितव्य ठरवतात. म्हणून सीटीवरचा अंदाज बहुधा कमीच निघतो. डिफ्युजन प्रकारचा एमआरआय अशा दाण्यांसाठी अधिक चांगला. पेट स्कॅन लिम्फ नोड किंवा दूरचा आजार शोधायला मदत करतो, पण मंद गतीच्या गाठी त्यात फारशा चमकत नाहीत.

बायोप्सी कशी घ्यावी? सुईने की दुर्बिणीतून?

सीटीवर जाड ढेप दिसत असेल तर सीटीच्या मदतीने जाड सुईने तुकडा घेता येतो. बारीक सुईने काढलेल्या सुट्या पेशी पुरत नाहीत. पण शस्त्रक्रियेची थोडीही शक्यता असेल तर आमचा कल दुर्बिणीकडे, कारण तुकडाही मिळतो आणि लहान आतड्यावर आजार किती पसरलाय तेही डोळ्यांनी दिसतं.

यात एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट आहे. हा आजार सुईच्या आणि दुर्बिणीच्या छिद्रांतून पोटाच्या भिंतीत रुजू शकतो. म्हणून छिद्रं शक्यतो बेंबीच्या रेषेत, म्हणजे पोटाच्या मधल्या उभ्या रेषेवरच घ्यावीत. पुढे मोठी शस्त्रक्रिया झाली तर छेद त्याच रेषेवर येतो आणि जुने व्रण त्यासोबत कापून काढता येतात. सवयीप्रमाणे बाजूला छिद्रं पाडली की भिंतीच्या स्नायूंत वेगळ्या गाठी होण्याचा धोका मागे राहतो.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. वरवरचे चिमटे नकोत. वेगवेगळ्या जागांवरून, खालची चरबी सोबत येईल इतके खोल तुकडे हवेत. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकू नयेत. पोटाचा क्षयरोग डोळ्यांना अगदी असाच दिसतो: तेच पांढरे दाणे, तेच पाणी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, म्हणजे कल्चर करताच येत नाही. एक तुकडा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा पाठवला की हा प्रश्न त्याच फेरीत सुटतो.

आणि आत दिसेल ते ‘आलोच आहोत तर’ म्हणून काढू नये. फक्त तुकडे घ्यावेत, फोटो किंवा व्हिडिओ घ्यावा आणि बाहेर यावं. अर्धवट काढलेल्या आजाराचा रुग्णाला फायदा होत नाही. उघड्या पडलेल्या जागी पेशी रुजतात, आतडी चिकटतात आणि पुढची खरी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते.

पॅथॉलॉजी रिपोर्टातल्या शब्दांचा अर्थ काय?

आधी प्रकार पाहावा. एपिथेलिऑइड हा पोटात सर्वाधिक आढळणारा आणि त्यातल्या त्यात बरा प्रकार. सार्कोमॅटॉइड दुर्मिळ, पण आक्रमक. दोन्हींचं मिश्रण असेल तर बायफेजिक.

मग विशेष डाग, म्हणजे आयएचसी. कॅलरेटिनिन, सीके ५/६, डब्ल्यूटी-१ आणि डी२-४० हे मेसोथेलिओमाच्या बाजूचे. क्लॉडिन-४, बर-ईपी४, एमओसी-३१, सीईए, पॅक्स-८ हे इतर कर्करोगांच्या बाजूचे. एकाच डागावर निदान कधीच बसवत नाहीत. किमान दोन बाजूचे आणि दोन विरोधी डाग तपासलेले असावेत. डब्ल्यूटी-१ अंडाशयाच्या कर्करोगातही उमटतो, आणि पॅक्स-८ क्वचित मेसोथेलिओमातही, म्हणून सगळे डाग एकत्र वाचावे लागतात.

पेशी मेसोथेलियल आहेत एवढं ठरलं, तरी त्या कर्करोगाच्या की नुसत्या चिडलेल्या, हा वेगळाच प्रश्न. बीएपी-१ किंवा एमटॅप हे प्रथिन पेशींतून नाहीसं झालेलं दिसलं तर कर्करोगाची बाजू पक्की होते. ते शाबूत असेल तर मात्र कर्करोग नाही असं म्हणता येत नाही. केआय-६७ हा आकडा पेशी किती वेगाने वाढतायत ते सांगतो. तो जितका कमी, तितकं चांगलं.

आधी अंडाशयाचा कर्करोग सांगितला होता. इतकी चूक कशी होते?

पोटात पाणी, रक्तातलं सीए-१२५ वाढलेलं, सीटीत ओमेंटल केक: अंडाशयाच्या कर्करोगाचं चित्र हेच आहे आणि तो कितीतरी अधिक आढळतो. सीए-१२५ हा अंडाशयाचा खास पदार्थ नाही. उदरावरण चिडलं की तो वाढतो, मग कारण काहीही असो. म्हणून त्याच्यावर निदान करू नये. उपचारानंतर आजार परततोय का पाहायला मात्र तो कामाचा, अर्थात सुरुवातीला वाढलेला असेल तरच. अंडाशय जवळपास सामान्य आकाराचे आणि पडदा मात्र भरलेला, असं दिसलं की शंका घ्यावी. केमो सुरू होण्याआधी तुकड्यावर वरचे डाग झालेत का, एवढं विचारलं तरी बरेच घोळ टळतात.

सगळे मेसोथेलिओमा सारखेच वाईट असतात का?

नाही. पाण्याच्या फुग्यांसारखा मल्टिसिस्टिक प्रकार आणि ‘वेल-डिफरन्शिएटेड पॅपिलरी मेसोथेलियल ट्यूमर’ हे दोन्ही सहसा संथ असतात आणि तरुण स्त्रियांत अधिक दिसतात. दुसऱ्याच्या नावातून २०२१ च्या जागतिक वर्गीकरणात ‘मेसोथेलिओमा’ हा शब्द मुद्दाम काढला, कारण त्या नावामुळे रुग्ण घाबरायचे आणि नको इतके उपचार व्हायचे.

आजार किती पसरलाय, हे कसं मोजतात?

पीसीआय (पेरिटोनियल कॅन्सर इंडेक्स) या निर्देशांकाने. पोटाचे नऊ आणि लहान आतड्याचे चार असे १३ भाग धरतात. प्रत्येक भागातल्या सर्वांत मोठ्या गाठीवरून गुण देतात: काहीच नाही तर ०, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत १, पाच सेंटिमीटरपर्यंत २, त्याहून मोठी किंवा गाठींचा एकच थर झालेला असेल तर ३. जास्तीत जास्त एकूण ३९. या बेरजेवरून पसरण्याचा टप्पा ठरतो: दहापर्यंत टी-१, विसापर्यंत टी-२, तिसापर्यंत टी-३ आणि त्यापुढे टी-४. लिम्फ नोडमध्ये किंवा पोटाबाहेर आजार गेला असेल तर थेट तिसरी स्टेज.

पण आकड्याइतकीच जागा महत्त्वाची. पोटाच्या भिंतींवर आणि ओटीपोटात मिळून झालेले १८ गुण एक वेळ परवडतील, कारण तिथला पडदा सोलून काढता येतो. लहान आतड्यावर आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या मुळाशी सगळीकडे दाणे असतील तर कमी गुण असूनही हात टेकावे लागतात. लहान आतडं सगळं काढून माणूस खाऊन जगू शकत नाही.

सायटोरिडक्शन आणि हायपेक म्हणजे नेमकं काय करतात?

सायटोरिडक्शन म्हणजे डोळ्यांना दिसणारा सगळा आजार काढणं. छातीच्या हाडाखालपासून ओटीपोटापर्यंत उभा छेद. आधी पीसीआय मोजतात आणि पुढे जायचं की नाही ते ठरवतात. मग ओमेंटम, म्हणजे आतड्यांसमोरचा चरबीचा पदर, काढतात आणि ज्या ज्या भागात आजार आहे तिथला पडदा सोलतात: पोटाच्या भिंतींवरचा, दोन्ही श्वासपटलांखालचा, ओटीपोटातला. गरजेप्रमाणे प्लीहा, पित्ताशय, आतड्याचा तुकडा, स्त्रियांमध्ये अंडाशय आणि गर्भाशयही. ६ ते १२ तास सहज जातात.

शेवटी काय उरलं त्याची नोंद होते. डोळ्यांना काहीच दिसत नाही ते सीसी-०. अडीच मिलिमीटरहून लहान दाणे उरले तर सीसी-१, अडीच सेंटिमीटरपर्यंत सीसी-२, त्याहून मोठे तर सीसी-३. अडीच मिलिमीटरचा हा आकडा उगाच नाही. पोटात सोडलेलं औषध पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटरच आत झिरपतं. त्याहून जाड गाठ मागे ठेवून गरम औषध फिरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हायपेक म्हणजे हीच गरम केमो. पोटात नळ्या आणि तापमान मोजणाऱ्या तारा बसवतात. पंप आणि हीटरमधून ४१ ते ४३ अंश सेल्सिअसचं औषधी द्रावण साधारण ६० ते ९० मिनिटं फिरवतात. मेसोथेलिओमात बहुतेक ठिकाणी सिस्प्लॅटिन, काही वेळा सोबत डॉक्सोरुबिसिन. काही केंद्रं मायटोमायसिन वापरतात. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून सलाईन भरपूर, लघवीचं प्रमाण दर तासाला मोजणं आणि अनेक केंद्रांत शिरेतून सोडियम थायोसल्फेट. शस्त्रक्रियेतली मेहनत पंपाच्या दीड तासात नसते, सोलण्याच्या आठ तासांत असते. ‘तुमच्याकडे हायपेकचं मशीन आहे का?’ यापेक्षा ‘तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता आणि किती जणांत सीसी-० किंवा १ गाठता?’ हे विचारावं.

ही शस्त्रक्रिया कुणाला देत नाहीत?

सार्कोमॅटॉइड प्रकार, पोटाबाहेर पसरलेला आजार, लहान आतड्यावर सर्वदूर दाणे, किंवा हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड इतकी मोठी भूल झेलणार नसतील तर. बायफेजिकमध्ये अगदी निवडक रुग्णांना. नुसतं वय पाहून नकार देणं योग्य नाही. अंथरुणात किती वेळ जातो, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन किती आहे, जिना चढता येतो का, हे वयापेक्षा जास्त सांगतं.

शस्त्रक्रियेनंतर काय बिघडू शकतं?

आतड्याचा जोड गळणं ही सर्वांत धास्तीची गोष्ट. ताप, वाढलेली नाडी आणि ड्रेनच्या नळीत गढूळ पाणी एकत्र दिसलं की तासाभराचाही उशीर नको. आतडी पुन्हा चालायला एक ते दोन आठवडे लागू शकतात, तोवर नाकातली नळी आणि शिरेतून पोषण. पोटात सोडलेलं औषध थोडं रक्तातही उतरतं, त्यामुळे आठवडा-दहा दिवसांत पांढऱ्या पेशी घसरू शकतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिनची इंजेक्शनं घरी गेल्यावरही, एकूण सुमारे चार आठवडे.

प्लीहा काढण्याची शक्यता असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी घ्याव्यात. हे विसरलं जातं. पूर्वीची ताकद यायला तीन ते सहा महिने धरून चालावं.

याने किती फरक पडतो?

आठ केंद्रांतल्या ४०५ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सायटोरिडक्शन आणि पोटातली केमो मिळालेल्यांचा मध्यक जीवनकाल ५३ महिने होता, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, पाच वर्षांनी ४७ टक्के हयात होते. शस्त्रक्रियेच्या आसपासचे मृत्यू २ टक्के, गंभीर गुंतागुंत ३१ टक्के. फक्त शिरेतल्या केमोवर मध्यक साधारण वर्षभराचा असतो. दोन्हींची थेट तुलना मात्र करू नये, कारण शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रुग्ण मुळातच अधिक धडधाकट असतात.

शिरेतली केमो कशी देतात?

पेमेट्रेक्सेड ५०० मिलिग्रॅम आणि सिस्प्लॅटिन ७५ मिलिग्रॅम, शरीराच्या दर चौरस मीटरला, दर २१ दिवसांनी. मूत्रपिंड किंवा कान साथ देत नसतील तर सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन.

पेमेट्रेक्सेडची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. रोज ४०० मायक्रोग्रॅम किंवा जास्त फॉलिक ॲसिड, शेवटच्या डोसनंतरही २१ दिवस. व्हिटॅमिन बी-१२ चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन पहिल्या डोसच्या आठवडाभर आधी, मग दर नऊ आठवड्यांनी. अंगावर पुरळ येऊ नये म्हणून डेक्सामेथॅसोन ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. ‘व्हिटॅमिनच तर आहेत’ म्हणून गोळ्या चुकवल्या की तोंड सोलवटतं आणि रक्तपेशी धोकादायक कमी होतात. मूत्रपिंड थोडं कमजोर असेल तर आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं डोसच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत टाळावीत. औषध पोटातल्या पाण्यात साठून राहतं, म्हणून पोट तट्ट असेल तर आधी पाणी काढावं.

इम्युनोथेरपी?

ही शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागी करणारी औषधं. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीचा मोठा पुरावा छातीच्या मेसोथेलिओमातला आहे, पोटासाठी त्याच्या आधाराने वापरतात. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीची चाचणी थेट पोटाच्या २० रुग्णांत झाली, त्यातल्या ८ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. संख्या लहान आहे हे विसरू नये. गाठीत एएलके फेररचना सापडली तर वेगळ्या गोळ्यांचा मार्ग खुला होतो, म्हणून तरुण रुग्णात ती तपासणी जरूर करावी.

पाणी पुन्हा पुन्हा भरतं. लघवीच्या गोळ्या चालतील का?

यकृताच्या आजारात त्या जितक्या चालतात तितक्या इथे चालत नाहीत. हे पाणी पडद्यातूनच पाझरत असतं. उलट रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंड दमतं. आठवड्याला सुई टोचायची वेळ आली तर त्वचेखालून नेलेली कायमची नळी बसवून घरीच थोडं थोडं पाणी काढता येतं. मात्र शस्त्रक्रिया व्हायची असेल तर नळीची जागा त्या सर्जनला विचारूनच ठरवावी.

घरच्यांनी तपासणी करावी का?

बीएपी-१ चा जन्मजात दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के. अशा घरांत मेसोथेलिओमाबरोबर डोळ्यातला आणि त्वचेचा मेलॅनोमा, मूत्रपिंडाचा कर्करोगही दिसतो. आधी रुग्णाची रक्तचाचणी करावी, गाठीतला दोष जन्मजात असतोच असं नाही. रक्तातही तो सापडला तरच नातेवाइकांची. दोष असलेल्यांनी दरवर्षी बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

दुसरं मत घ्यायला जाताना काय न्यावं?

नुसता रिपोर्ट नको. मेणाचे ब्लॉक आणि डाग दिलेल्या स्लाइड्स मागून घ्याव्यात. सीटीची फिल्म नको, मूळ डिजिटल फाइल्स असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा. आधीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि दुर्बिणीचा व्हिडिओ. आणि हे सगळं केमो सुरू होण्याआधी. दोन आठवडे उशिराने सहसा बिघडत नाही, चुकीच्या निदानावर सहा केमो घेतल्याने बिघडतं.

उपचार झाल्यावर किती वर्षं तपासत राहायचं?

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीटी, मग हळूहळू अंतर वाढवत, पण पाच वर्षांनी थांबू नये. आजार उशिराही परततो आणि परतला तरी बहुधा पोटातच असतो. निवडक रुग्णांत दुसऱ्यांदा सायटोरिडक्शन करता येतं. प्रत्येक सीटी आदल्या महिन्यांच्या सीटीशी तर ताडावाच, पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सीटीशीही ताडावा. शेजारशेजारच्या दोन स्कॅनमध्ये दोन मिलिमीटरची वाढ डोळ्यांत येत नाही, दोन वर्षांच्या अंतराने ती लगेच दिसते.